वीस फेब्रुवारीनंतरच्या नोंदी

चार मार्च. पाण्याचं तापमान तेरा पूर्णांक आठ. सगळ्यात लांब बुडी चौऱ्याहत्तर सेकंद. वर आल्यावर नाडी एकशे चार.

कांग बाईंनी आपल्या विद्यार्थिनीच्या, दानबीच्या निबंधातली ती ओळ वाचली, खालची वाचली आणि चष्मा काढून पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. आकड्यांत खोट नव्हती. खोट तारखेत होती. दानबीची आई योंगसून वीस फेब्रुवारीलाच समुद्रात मरण पावली होती. कांग बाई तिच्या अंत्यविधीला तिन्ही दिवस हजर होत्या, आल्यागेल्यांना डुकराच्या मटणाचा रस्सा वाढत उभ्या राहिल्या होत्या. ती तारीख विसरण्यातली नव्हती.

आणि कोष्टक तर मेअखेरपर्यंत चाललं होतं. वीस फेब्रुवारीनंतर एकवीस नोंदी. एप्रिलमध्ये योंगसूनचा श्वास ऐंशी सेकंदांवर पोचला होता, मेमध्ये नाडी शहाण्णववर उतरली होती. कागदावर तिची प्रकृती दिवसेंदिवस सुधारत चालली होती.

जुलैचा पहिला आठवडा होता. प्रयोगशाळेतला पंखा गरम हवाच इकडून तिकडे ढकलत होता. बाईंनी निबंध मिटला.

बेटावरच्या मोरेपो गावातली ही शाळा सात वर्षांपूर्वी बंदच व्हायच्या बेतात होती. गावात म्हातारी माणसं, गाजराची शेतं आणि वारा. मुलं कुठून येणार? मग शिक्षण खात्याने इथे आयबी ह्या आंतरराष्ट्रीय मंडळाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणला आणि चित्र पालटलं. पाठांतर नाही, पर्यायांवर खुणा नाहीत. सहा विषय, त्यातला प्रत्येक खोल, 'आपल्याला जे ठाऊक आहे ते कशावरून ठाऊक आहे' असले प्रश्न विचारणारा एक वेगळा तास, आणि शिवाय प्रत्येकाने एका शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली स्वतः शोधून लिहायचा एक दीर्घ निबंध. ह्या निबंधाशिवाय पदविका नाही. राजधानीतून, सोलहून आयाबाया पोरांना घेऊन गावात खोल्या भाड्याने घ्यायला लागल्या. 'आमची पोरं सोलला पळतात आणि सोलची इकडे येतात, वारा फिरलाय,' असं गावातली माणसं म्हणायची. पण अभ्यासक्रमाच्या वर्गातल्या बावीस मुलांत गावातली चारच होती. त्या चौघांतली एक दानबी.

दानबीला विषय शोधायला लांब जावं लागलं नव्हतं. तिची आई पाणबुडी; श्वास रोखून समुद्राच्या तळाशी जायचं आणि शिंपले, समुद्री काकड्या असले जीव वेचून आणायचे, हा तिचा धंदा. गावातल्या पाणबुड्या बायकांत सगळ्यात धाकटी, चोपन्न वर्षांची. बाकीच्या सगळ्या सत्तरीपुढच्या. पाण्याचं तापमान घटलं की श्वास रोखायची ताकद घटते का आणि किती, हा दानबीचा प्रश्न. बुडीनंतर वर आलं की आई ज्याला धरायची त्या तरंगत्या भोपळ्याला तिने एक तापमापक बांधून दिला होता, मनगटावर घड्याळ, आणि एक प्लास्टिकची पाटी नि मेणाची पेन्सिल. रोज सगळ्यात लांब बुडी मारून वर आलं की योंगसूनने पंधरा सेकंद नाडी मोजायची आणि पाटीवर लिहायचं.

माणसावर प्रयोग म्हणून नियमाप्रमाणे संमतीपत्र लागायचं. ते घेऊन योंगसून आदल्या वर्षी जूनमध्ये शाळेत आली होती, हातात शिंपल्यांची पिशवी घेऊन. कागद लांब धरून तिने मोठ्याने वाचला होता. "'मला ह्यातून कधीही, कारण न देता बाहेर पडता येईल.' अगं बाई! लग्नाच्या वेळी असला कागद का नाही देत कोणी?" सगळी शिक्षकांची खोली हसली होती. दानबी तेवढी लाजून "आई, सही कर ना गं!" म्हणत तिची बाही ओढत होती.

कांग बाई मूळच्या मुख्य भूमीवरच्या, आंदोंगजवळच्या डोंगरातल्या. बारा वर्षं बेटावर राहूनही त्यांना पोहता येत नव्हतं. योंगसूनचं आणि त्यांचं वय सारखंच, म्हणून त्या दोघींचं जमलं. "बाई, तुम्ही माझ्या पोरीचं डोकं सांभाळा, मी पोट सांभाळते," असं ती म्हणायची.

ह्या सगळ्या आठवणींनी बाईंना काही सुचेना. त्या खालच्या मजल्यावर नाम सरांकडे गेल्या.

नाम सर उपमुख्याध्यापक, आणि अभ्यासक्रमाची सगळी जबाबदारी त्यांच्यावर. माणूस वाईट नव्हता. योंगसूनच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत ते होते. त्यांनी कोष्टक पाहिलं, तारखांवरून बोट फिरवलं आणि कागद हळूच उलटा ठेवला.

"कांग बाई, तुम्ही कोष्टकं इतकी बारकाईनं कशाला वाचता हो? आपल्याला सही करायची असते, पंचनामा नाही."

"सर, ही माहिती बनावट आहे."

"मला दिसतंय. मला हेही दिसतंय की तिची आई गेली. आपण दोघांनी गप्प बसायचं. परीक्षक परदेशात बसलेला, त्याला काय ठाऊक योंगसून कोण नि कधी गेली?"

"पण तिच्या स्वतःच्या निबंधात ती खोटं लिहून पाठवतेय. आणि मी खाली लिहून द्यायचं, की हे काम माझ्या माहितीप्रमाणे प्रामाणिक आहे."

"बाई," नाम सर खुर्चीत मागे रेलले. "ह्या पोरीने आणखी काय काय सोसायचं ते सांगा. तुम्ही सांगा, मी लिहून घेतो."

बाई म्हणाल्या, "आधी मला तिच्याशी बोलू दे."

"बोला. पण एक लक्षात ठेवा. सध्या हा नुसता कच्चा खर्डा आहे. सप्टेंबरच्या आत बदलला तर ती शाळेतल्या शाळेतली गोष्ट. नंतर सापडला तर पदविका जाईल. म्हणजे करायचं तर आत्ताच, नाहीतर कधीच नाही."

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर बाईंनी दानबीला थांबवून घेतलं. फेब्रुवारीपासून मुलगी वाळत चालली होती. शाळेचा उन्हाळी सदरा खांद्यांवर लोंबत होता. अभ्यासात मात्र कसूर नव्हती. प्रत्येक काम वेळेच्या आधी. सगळे म्हणायचे, काय धीराची पोर आहे.

"दानबी, ह्या मार्चपासूनच्या नोंदी कुठून आल्या?"

"आईच्या आहेत."

"दानबी."

मुलगी सरळ आवाजात, तोंडी परीक्षेला उत्तर द्यावं तशी म्हणाली, "तापमान हवामान खात्याच्या तरंगत्या यंत्राचं घेतलंय. ते खरं आहे."

"आणि श्वास?"

"आईचा मेमध्ये तेवढाच यायचा. मागच्या वर्षी मी धक्क्यावर उभी राहून मोजला होता. ऐंशी, ब्याऐंशी. मी उगाच वाढवला नाही, बाई. तिचा जेवढा होता तेवढाच दिलाय."

बाईंनी आधी ठरवून आणलेलं वाक्य बोलून टाकलं, "अगं, पण तुला गरजच काय होती? वीस फेब्रुवारीपर्यंतच्या त्रेपन्न खऱ्या नोंदी आहेत तुझ्याकडे. तेवढ्यावर निबंध होतो. तिथे थांबायचं होतंस. कोणीही समजून घेतलं असतं."

"तिथे नाही थांबता येत."

"का?"

दानबीने दप्तर उघडलं. खालून, वह्यांच्या तळातून, एक प्लास्टिकचं पाकीट काढलं. त्यात जानेवारीत बाईंनी तपासून दिलेला निबंधाचा आराखडा होता. तिने तो बाईंसमोर ठेवला.

समासात हिरव्या शाईत बाईंचंच अक्षर होतं. बाई नेहमी हिरव्या शाईने तपासायच्या. लाल रंगाने मुलं बिचकतात असं त्यांचं मत होतं. लिहिलं होतं: 'थंड पाण्यातल्या नोंदी फारच कमी आहेत. तेरा अंशांखालच्या निदान सात-आठ मिळाल्या तर निष्कर्षाला वजन येईल. प्रयत्न करून बघ.' आणि पुढे हसरा चेहरा.

"मी आईला सांगितलं," दानबी म्हणाली. "थंडी फार असली की ती जायची नाही. गुडघे धरायचे तिचे. मी म्हटलं, बाईंनी लिहिलंय, सात-आठ हव्यात. ती म्हणाली, बाईंनी सांगितलंय तर देऊ की. सहा झाल्या होत्या."

पंख्याची पाती एका लयीत खडखडत होती.

"कोष्टक वीस फेब्रुवारीला संपलं की वाचणाऱ्याला कळणारच ना, ती कशासाठी गेली होती. माझ्या आलेखात एक ठिपका कमी होता म्हणून. मग मी ते पुढे नेलं. पुढे नेलं की तो दिवस मध्येच कुठेतरी जातो. बाकीच्यांसारखा."

बाईंनी हात पुढे केला, पण मुलगी अशी ताठ उभी होती की तो हात टेबलावरच राहिला. "तू जा आता," एवढंच त्या कसंबसं म्हणू शकल्या. "आपण बोलू."

ती गेली. नियमाप्रमाणे वाकून नमस्कार करून, दप्तर नीट बंद करून गेली.

त्या दिवशी बाईंनी ठरवून टाकलं की सही करायची. नाम सर बरोबर होते. कोण परीक्षक, कुठला, त्याला योंगसूनच्या मरणाशी काय देणंघेणं? पेन काढून त्यांनी खर्ड्यावर 'स्वीकृत' असं लिहायलाही घेतलं. पण पहिलं अक्षर काढताना त्यांना जाणवलं, की हे लिहिताना आपल्याला हलकं वाटतंय. कोष्टक असंच राहिलं तर वीस फेब्रुवारीकडे कोणाचं बोट जाणार नाही, आणि हिरव्या शाईकडेही जाणार नाही. त्यांनी पेन बंद केलं. हे पोरीसाठी चाललंय की स्वतःसाठी, ते त्यांना त्या घटकेला सांगता येईना, आणि न सांगता येणं हेच उत्तर आहे असं त्यांना वाटलं.

रविवारी त्या धक्क्यावर ओकजा मावशींना भेटायला गेल्या. ओकजा मावशी पाणबुड्या बायकांच्या मुख्य. एक्क्याऐंशी वर्षांच्या, पाठीतून वाकलेल्या, पण पाण्यात गेल्या की मासळीसारख्या सरळ. बायका नुकत्याच बाहेर आल्या होत्या. कपडे बदलायच्या दगडी खोलीसमोर बसून मावशी सुरीने समुद्री अर्चिन फोडत होत्या, काट्यांचे काळे गोळे एकीकडे, आतला पिवळा गर वाटीत.

"या मास्तरीणबाई! आज पोहायला शिकायचं ठरवलंत की काय?"

"नाही मावशी. एक विचारायचं होतं."

मावशींनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि सुरी खाली ठेवली. "योंगसूनचं?"

बाईंनी मान हलवली.

"त्या दिवशी ती का गेली पाण्यात?" बाईंनी विचारलं.

मावशी म्हणाल्या, "आम्ही नको म्हणालो होतो. उत्तरेचा वारा होता. मी तर आज कोणी उतरायचं नाही असंच म्हणणार होते. ती म्हणाली, मावशी, पोरीला दोन आकडे हवेत, थंडीतले. तासाभरात येते."

कांग बाई खाली दगडावर बसल्या. त्या कुठेतरी मनात आशा धरून आल्या होत्या, की म्हातारी काही वेगळं सांगेल.

"ते मीच सांगितलं होतं, मावशी. थंडीतले आकडे हवेत म्हणून. मीच लिहिलं होतं."

"असेल."

"असेल नाही. मीच."

"अहो, मग काय करू मी? तुम्हाला मारू?" मावशींचा आवाज चढला, मग लगेच उतरला. "ऐका. त्या दिवशी समुद्री काकडीला भाव पण चांगला होता, तेही ती बोलली. नवऱ्याशी सकाळी भांडण झालं होतं, तेही बोलली. आणि आम्ही म्हाताऱ्या नको नको म्हणत असताना उतरायची तिला हौसच होती, ती धाकटी ना. माणूस दहा कारणांनी पाण्यात उतरतं. तुम्हाला त्यातलं एक सापडलंय, ते तुमचं आहे, ते तुम्ही घेऊन जा. मी नाही म्हणत नाही. पण सगळी दहाच्या दहा नेऊ नका."

वाटीतला गर मावशींनी बाईंच्या पुढे सरकवला. बाईंनी नको म्हणून मान हलवली.

"खा हो. तिच्या पोरीला पण म्हटलं होतं हे. ऐकत नाही ती. भोपळा आम्ही ओढून आणला ना, त्याला पाटी बांधलेली होती. पोरीने ती आमच्या हातातून अशी हिसकावून घेतली, की मला वाटलं बोटं जातील माझी."

"पाटी?"

"त्या दिवसाची. लिहिलं होतं काहीतरी. आम्हाला वाचायला कुठं येतं चष्म्याशिवाय."

कांग बाई परत आल्या तेव्हा त्यांचं ठरलं होतं. सोमवारी मधल्या सुट्टीत त्यांनी दानबीला शाळेमागच्या काळ्या दगडांच्या बांधापाशी बोलावलं; चार भिंतींत पुन्हा बसवावं असं त्यांना वाटलं नाही.

"दानबी, मी ह्यावर सही करू शकत नाही."

मुलगी जायला वळली.

"ऐकून घे. नियम आहे म्हणून नाही. नियम मोडायला मी परवा तयार होते. पण मी सही केली असती, तर ती माझा शेरा लपवायला केली असती. ते मला करायचं नाही. मार्गदर्शकाने शेवटी एक पान लिहायचं असतं, तुला माहीत आहे. त्यात मी लिहिणार आहे, की थंड पाण्यातल्या नोंदी वाढवायची सूचना माझी होती. माझ्या नावाने. तू तुझ्या कोष्टकात जे खरं आहे तेवढंच ठेव. तो दिवस तुझ्या अंगावर नको घेऊस."

"पण सांगितलं मी तिला," दानबी म्हणाली. "तुम्ही कागदावर लिहिलंत. तिच्या तोंडासमोर उभी राहून मी सांगितलं. दोनदा. दुसऱ्यांदा ती म्हणाली, आज राहू दे, तर मी तोंड वाकडं केलं."

ह्यावर काय बोलावं? मोठी माणसं अशा वेळी जे बोलतात ते सगळं खोटं असतं हे बाईंना ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "हो. तेही झालं."

दानबी एकदम रडायला लागली. फेब्रुवारीत अंत्यविधीला ती रडली नव्हती. शोकाचे जाड कपडे घालून, आलेल्या प्रत्येकाला वाकून नमस्कार करत ती तीन दिवस उभी होती. आता बांधाला धरून, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखी रडत होती. बाईंनी तिला जवळ घेतलं नाही, कारण ती जवळ येऊ देत नव्हती. नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या. सुट्टी संपल्याची घंटा झाली, पुढचा तास सुरू झाला, दोघी तिथेच.

"मला नाही करायचा हा निबंध," शेवटी ती म्हणाली. "नको मला पदविका."

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "पण सप्टेंबरपर्यंत वेळ आहे. घाई नको."

नाम सर चिडले. "म्हणजे आता पदविकाही जाणार! कांग बाई, तुमच्या खरेपणाने एका पोरीचं वर्ष बुडवलं, हे मी कोणत्या पानावर लिहू?" बाईंनी ऐकून घेतलं. ह्या माणसाचं काही चुकतंय असं त्यांना वाटत नव्हतं. आपलंही चुकतंय असं वाटत नव्हतं, हीच पंचाईत होती. जुलै सरला, उन्हाळ्याची सुट्टी लागली. गावात वादळ येऊन गेलं, दोन-चार छपरं उडाली. दानबी कुठे दिसली नाही. एकदा बाई गाजराच्या शेतांकडून जात होत्या तर तिचे वडील वाकून बी पेरत होते. त्यांनी बाईंना पाहिलं, कमरेतून वाकले आणि पुन्हा मातीत हात घातला. ते कधीच फार बोलणारे नव्हते. आता तर अजिबातच नाही.

ऑगस्टच्या शेवटी, शाळा सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी, दानबी प्रयोगशाळेत आली. हातात नवा निबंध.

"छापून आणलाय. बघता?"

बाई उभ्या उभ्याच वाचायला लागल्या. एकवीस नोंदी गेल्या होत्या. सगळे आलेख नव्याने काढले होते, सगळी आकडेमोड नव्याने केली होती. कोष्टक वीस फेब्रुवारीला संपत होतं. शेवटची ओळ अशी होती: तापमान बारा पूर्णांक सहा. सगळ्यात लांब बुडी एकाहत्तर सेकंद. नाडीच्या रकान्यात काही नव्हतं. कोरा चौकोन. खाली बारीक अक्षरात टीप: 'नोंद अपूर्ण. नोंदणाऱ्या व्यक्तीचा त्याच दिवशी पाण्यात मृत्यू झाला. ती माझी आई. ह्या तापमानाच्या नोंदी अधिक मिळाव्यात म्हणून ती माझ्या विनंतीवरून त्या दिवशी उतरली होती. त्यामुळे ह्या निबंधाचा निष्कर्ष मी जपून मांडते आहे.'

बाईंना पुढचं दिसेना. "हे पाटीवरचं?"

"हो. त्यावर दोनच आकडे होते. मी आधी तिसरा घालून दिला होता. एकशे दहा. तो पहिला होता मी घातलेला. मग बाकीचे घातले. एकशे दहा नव्हता तो. तो नव्हताच."

"दानबी, ही टीप... ती असलीच पाहिजे असं नाही. मी माझ्या पानावर लिहितेच आहे."

"तुम्ही तुमच्या पानावर लिहा. माझ्या पानावर मी लिहीन."

तिच्या आवाजात राग नव्हता. पण बाईंसाठी त्यात जागाही नव्हती. बाईंनी सही केली. शेवटच्या पानावर स्वतःची चार वाक्यं लिहिली, हिरव्या नाही, काळ्या शाईत, आणि ती नाम सरांना वाचायला दिली. नाम सरांनी वाचून लिफाफ्यावर शाळेचा शिक्का मारल्यासारखं संगणकावर बटण दाबलं. निबंध गेला.

नोव्हेंबरात परीक्षा झाल्या. तीन आठवडे पेपर. दानबी रोज पहिल्या बाकावर बसायची, वेळ संपेपर्यंत लिहायची. जानेवारीत निकाल लागला. अंदाज होता पंचेचाळीसपैकी पस्तीस गुणांचा, मिळाले एकोणतीस. पदविका मिळाली. निबंधाला मधली श्रेणी. परदेशातल्या कुठल्या परीक्षकाने ती टीप वाचली, वाचून त्याला काय वाटलं, हे कोणालाच कधी कळलं नाही. कळायची सोयच नव्हती. श्रेणीचं एक अक्षर आलं, तेवढंच. नाम सर म्हणाले, "बघा, पास झाली ना!" आणि मग हळूच, "एकवीस नोंदी असत्या तर वरची श्रेणी मिळाली असती." मग स्वतःच तोंड फिरवून खिडकी लावायला गेले.

त्याआधी डिसेंबरातच दानबीला छोंगजूच्या विद्यापीठात परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता. बेटावरही तो अभ्यासक्रम होता, किनाऱ्यावरच्या बुसानलाही होता. तिने मुद्दाम छोंगजू निवडलं. त्या अख्ख्या प्रांताला कुठूनच समुद्र लागत नाही.

पदवीदानाला ती आली, प्रमाणपत्र घेतलं, सगळ्यांबरोबर छायाचित्राला उभी राहिली. कांग बाई रांगेच्या दुसऱ्या टोकाला होत्या. बाकीची मुलं फुलं घेऊन बाईंकडे धावली. दानबी वडिलांबरोबर फाटकातून बाहेर पडली.

फेब्रुवारीच्या अखेरीला बाईंना ती विमानतळाच्या बसच्या थांब्यावर दिसली. योंगसूनचं वर्षश्राद्ध होऊन आठवडा झाला असेल. एक मोठी बॅग, एक पाठीवरची पिशवी. वडील तिकीट आणायला गेले असावेत. बाई बाजारातून येत होत्या. रस्ता ओलांडावा की नाही असं क्षणभर त्यांना वाटलं आणि मग त्या ओलांडून गेल्या.

"निघालीस?"

"हो, बाई."

"थंडी असते तिकडे. आत लोकरीचं घाल."

"घातलंय."

वाऱ्याने दानबीचे केस तोंडावर येत होते, ती ते मागे सारत होती. बस वळणावर दिसली तेव्हा ती एकदम म्हणाली, घाईघाईने, बस यायच्या आत सांगून टाकावं तशी:

"बाई, तुम्ही बरोबर केलंत. मला कळतंय ते. ते तसंच राहिलं असतं तर मी वेडी झाले असते. पण मला तुमच्याकडे बघवत नाही. बघितलं की तेच आठवतं. म्हणून मी आले नाही भेटायला. पुढेही येणार नाही बहुतेक. तुम्ही वाट बघू नका."

बाईंनी मान हलवली. "मलाही तसंच होतं," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडे बघितलं की."

दानबीने त्यांच्याकडे पाहिलं, कितीतरी महिन्यांनी सरळ डोळ्यांत पाहिलं. मग कमरेतून पूर्ण वाकून नमस्कार केला, नवीन वर्षाला वडीलधाऱ्यांना करतात तसा, सावकाश. वडील तिकीट घेऊन आले, त्यांनी बॅग उचलली. दोघं बसमध्ये चढली. ती पलीकडच्या बाजूला, रस्त्याकडे पाठ करून बसली.

बस गेल्यावरही कांग बाई थांब्यावर उभ्या होत्या. बाजारातून आणलेल्या पिशवीतली मोड आलेली कडधान्यं वाऱ्याने सुकत होती. कोणीतरी मोटार थांबवून विचारलं, "बाई, सोडू का शाळेपर्यंत?" त्या नको म्हणाल्या आणि किनाऱ्याच्या रस्त्याने चालायला लागल्या. अभ्यासक्रमाच्या नव्या तुकडीची मुलं चार दिवसांत येणार होती, आणि त्यांतल्या सहा जणांचे निबंध बाईंकडे होते.